बाळंतिणीचा महिना आणि माशाचं पांढरं सूप



या मालिकेत आजवर आपण किल्ले, तह, मोहिमा आणि रसद यांवर बोललो. आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे. निवृत्त फौजी माणसानं बाळंतिणीच्या सूपावर बोलावं, याचं काहींना हसू येईल. पण रसदीचा इतिहास म्हणजे शेवटी कोणाला, कधी आणि काय खायला मिळालं याचाच इतिहास. सैन्याची रसद कागदावर राहते. बाळंतिणीची रसद सहसा कोणी लिहून ठेवत नाही. चिनी वैद्यांनी ती तेराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली, म्हणून आज त्यांच्याकडे जायचं.

माझी मुलगी सिंगापूरला असते. तिची पहिली खेप तिथेच झाली, सिझेरियन झालं. आम्ही दोघं मदतीला गेलो होतो. चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या फ्लॅटमधल्या आजीबाई थर्मास घेऊन दारात उभ्या. सत्तरीच्या, मूळच्या कँटनकडच्या घरातल्या. आमची मुलगी त्यांना आंटी म्हणते. थर्मासातून त्यांनी वाडग्यात ओतलं ते पांढरंशुभ्र, दाट. मला वाटलं दूध. वास मात्र आल्याचा आणि माशाचा.

बायकोनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, ‘‘अहो, मासे आणि दूध एकत्र? बाळंतिणीला?’’

आपल्याकडे मासे खाऊन वर दूध पिऊ नये, हे लहानपणापासून कानांवर पडलेलं असतं. आंटींना मी खुणेनं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं. त्या खूप हसल्या. त्यात दुधाचा थेंब नव्हता.

माझी नोकरीची बरीच वर्षं सिक्कीम आणि अरुणाचलात गेली. चिनी माणूस मी पाहिला तो दुर्बिणीतून, नाहीतर झेंडा बैठकीच्या टेबलापलीकडे. त्याच्या घरात बाळ जन्मल्यावर चुलीवर काय चढतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आंटींच्या थर्मासामुळे तो पडला, आणि मग मी वाचायला बसलो.

दुधाशिवाय पांढरं कसं?

आधी ही पांढऱ्या रंगाची गोष्ट निकालात काढू.

चीनच्या यांगत्से खोऱ्यात या सूपासाठी वापरतात तो मासा म्हणजे ‘चीयू’. आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, पण लहान, तळहातापेक्षा थोडा मोठा. आपण काचेच्या पेटीत ठेवतो तो गोल्डफिश याच चीयूपासून चिनी लोकांनी पैदास करून काढला. म्हणजे दिवाणखान्यातल्या शोभेच्या माशाचा हा गावाकडचा भाऊ.

मासा खवले आणि कल्ले काढून साफ करतात. पोटाच्या आतला काळा पापुद्रा खरवडून काढतात, कारण उग्र वास त्याचाच. मग मासा फडक्यानं कोरडा करतात. कढई चांगली तापवून तिला आल्याची चकती घासतात, म्हणजे कातडी चिकटत नाही. थोड्या तेलात किंवा डुकराच्या चरबीत मासा दोन्ही बाजूंनी सोनेरी होईपर्यंत परततात, तांदळाच्या दारूचा एक शिंतोडा देतात आणि मग उकळतं पाणी ओततात. गार पाणी नाही, उकळतंच. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं मोठी आच. डोळ्यांदेखत पाणी पांढरं होत जातं. मग आच कमी करून टोफूचे तुकडे सोडतात. मीठ शेवटी आणि बेतानं.

पांढरेपणाचं कारण सरळ आहे. जोरदार उकळीनं तेलाचे आणि माशाच्या चरबीचे अतिशय बारीक थेंब होतात. माशाच्या कातडीतून आणि हाडांतून सुटलेलं जिलेटिन या थेंबांना वेढतं, त्यामुळे ते पुन्हा एकत्र येत नाहीत. प्रकाश त्या थेंबांवर विखुरतो आणि द्रव पांढरा दिसतो. दूध पांढरं दिसण्यामागेही मुख्यतः असंच कारण आहे. मंद आचेवर हेच सूप केलं, तर ते पारदर्शक राहतं.

आता जुन्या काळच्या माणसाच्या जागी उभे राहून विचार करा. डोळ्यांसमोर पाण्याचं दूध होताना दिसतं. ते प्यायल्यानं आईला दूध येईल असं त्याला वाटलं, तर त्यात नवल काय?

सातव्या शतकातली कृती

थांग राजवटीत सुन सिमियाओ नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. इसवी सन ६५२च्या सुमारास त्यांनी एक ग्रंथ पुरा केला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘हजार सुवर्णमुद्रांच्या मोलाचे नुसखे’ असा होतो, कारण माणसाचा जीव हजार मोहरांहून मोलाचा, असं त्यांचं म्हणणं. या ग्रंथात उपचारांची सुरुवातच स्त्रियांच्या आजारांपासून होते. पुरुषांचे आजार नंतर. त्या काळात ही मांडणी साधी गोष्ट नव्हती. बाळंतपणानंतर शंभर दिवस बाईला फार जपलं पाहिजे, असंही त्यांनी बजावून ठेवलं आहे.

दूध न येणाऱ्या आईसाठी त्यांनी जे वीसेक नुसखे दिले, त्यांत चीयूचं सूप आहे. सात त्सुन लांबीचा मासा, म्हणजे साधारण वीतभर. अर्धा चिन डुकराची चरबी. ‘लोउलू’ नावाची वनस्पती. आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्याचे तुकडे. हे सगळं तांदळाच्या दारूत शिजवायचं, गाळायचं आणि पाच भाग करून प्यायचं.

चुनखडीचा सुळका का? चिनी भाषेत त्याच्या नावातच ‘दूध’ हा शब्द आहे. छतावरून थेंब थेंब पांढरं ठिबकतं, म्हणून. पुढच्या काळात याच सूपात ‘थुंगत्साओ’ नावाच्या झुडपाचा गाभा घालू लागले. तो पांढरा, हलका, भेंडासारखा असतो आणि त्याच्या नावातल्या ‘थुंग’चा अर्थ ‘आरपार जाणं, मोकळं होणं’. वाट मोकळी करणारा तो दुधाचीही वाट मोकळी करेल, असा तर्क. याच गाभ्याचे पातळ काप काढून कँटनचे चित्रकार एकोणिसाव्या शतकात परदेशी व्यापाऱ्यांसाठी रंगीत चित्रं काढत.

म्हणजे या पाककृतीमागे दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक अनुभव: अशक्त बाईला गरम, पचायला हलकं, चरबी आणि पाणी असलेलं काहीतरी द्या. दुसरी, नावा-रूपाच्या साम्यावर उभी असलेली समजूत. दोन्ही वेगळ्या करून पाहता आल्या पाहिजेत. आपल्या घरातल्या परंपरांनाही हीच चाळणी लावावी.

हाच मासा का?

चिनी वैद्यकात पाच तत्त्वं मानतात: लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. युआन राजवटीतले वैद्य चू चनहंग यांचं मत असं की बाकीचे मासे अग्नितत्त्वाचे, एकटा चीयू मातीचा, म्हणून तो पोटाला मानवतो. पुढे ली शिचन यांनी आपल्या प्रचंड औषधिकोशात हे मत नोंदवलं. तो कोश १५७८मध्ये लिहून पुरा झाला आणि ली यांच्या मृत्यूनंतर १५९६मध्ये छापून आला.

तत्त्वज्ञान बाजूला ठेवलं, तरी फौजी नजरेला यात पुरवठ्याची गणितं दिसतात. हा मासा तळ्यात, कालव्यात, भातखाचरात, कुठेही जगतो. पाण्यात प्राणवायू अगदी कमी झाला तरी तग धरतो, बर्फाच्या थराखालीसुद्धा हिवाळा काढतो. त्यामुळे तो बादलीत जिवंत राहतो, बाजारात जिवंत मिळतो आणि स्वस्त असतो. शिवाय त्याच्या मांसात बारीक काटे इतके, की बाळंतपणानं थकलेल्या बाईनं तो निवडून खायचा म्हणजे शिक्षाच. अशा माशाचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे सूप करून गाळून घेणं. गरिबाला परवडणारा, ताजा मिळणारा आणि उकळूनच सोपा होणारा मासा. तो बाळंतिणीच्या वाट्याला आला यात आश्चर्य नाही.

बाळाचा जन्म आणि मासा हे नातं तर त्याहूनही जुनं. कन्फ्यूशियसला मुलगा झाला, तेव्हा लू राज्याच्या अधिपतीनं भेट म्हणून कार्प मासा पाठवला आणि त्या मानापोटी कन्फ्यूशियसनं मुलाचं नाव ‘ली’ म्हणजे कार्प ठेवलं, अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे.

प्रदेश बदलला की वाडगा बदलतो. कँटनकडे आलं, गोड काळं व्हिनेगर, डुकराचे पाय आणि उकडलेली अंडी एकत्र शिजवतात; कच्च्या पपईबरोबर माशाचं सूपही करतात. तैवानात तिळाच्या तेलातली कोंबडी आणि तांदळाची दारू. उत्तरेकडे राळ्याची पेज, तांबडी साखर आणि अंडी. सिंगापूर-मलेशियात शस्त्रक्रियेनंतर जखम भरून यावी म्हणून एका खास माशाचं सूप देतात. आंटींनी त्याचं चित्र फोनवर दाखवलं आणि बायको एकदम म्हणाली, ‘‘अगंबाई, ही तर आपली मरळ!’’ खरंच मरळच्याच कुळातला मासा होता. हैदराबादच्या आपल्या वाचकांना तो मरेल किंवा कोरमेनू म्हणून ठाऊक असेल.

‘महिना बसणं’

बाळंतपणानंतरच्या या काळाला चिनी भाषेत ‘त्सुओ युएत्सु’ म्हणतात, शब्दशः ‘महिना बसणं’. त्याची मुळं ‘लीची’ या प्राचीन आचारग्रंथात दाखवतात. हान काळात सिद्ध झालेल्या या ग्रंथात सांगितलं आहे की प्रसूतीचा महिना आला की पत्नीनं बाजूच्या वेगळ्या दालनात राहावं. मुलगा झाला तर दाराच्या डावीकडे धनुष्य टांगावं, मुलगी झाली तर उजवीकडे रुमाल.

मी आयुष्यभर शस्त्र बाळगलेला माणूस. पण हे वाचताना माझं लक्ष त्या धनुष्याकडे नव्हे, तर बाजूच्या दालनाकडे गेलं. ते दालन आराम होतं की कैद? दोन्ही होतं. विटाळाची कल्पना तिथेही होती. पुढे नियमांची यादी वाढत गेली: वारा लागू द्यायचा नाही, थंड पाण्याला हात लावायचा नाही, केस धुवायचे नाहीत, खिडकी उघडायची नाही. ऐन उन्हाळ्यात बंद खोलीत पांघरूण घेऊन बसलेल्या बाळंतिणींना उष्माघात झाल्याच्या बातम्या अगदी अलीकडेही चिनी वर्तमानपत्रांत आल्या आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी. सासूच्या हाताखाली वर्षभर राबणाऱ्या सुनेला हक्कानं विश्रांती मिळण्याचा हा एकच महिना. त्या महिन्यात तिला कोणी पाण्याला पाठवत नसे, गरम वाडगा तिच्या हातात आणून देत. महिना पुरा झाला की लाल रंगवलेली अंडी वाटायची. अर्थात हे ज्यांच्या घरात दाणे होते त्यांचं. शेतावर राबणाऱ्या गरीब बाईला एवढी सवड सहसा मिळत नसे. आपल्या सुश्रुतानं सूतिकेला दीड महिना सांगितला आहे, आपण सव्वा महिना म्हणतो. पण ऊसतोडीच्या फडावरच्या बाईला यातले किती दिवस मिळतात, हे आपण जाणतोच.

दोन युद्धकाळच्या आया

माझ्या पेशामुळे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पहिली १९४१ची, शांतुंग प्रांतातल्या यीमंग डोंगराळ भागातली. जपानी सैन्याचा वेढा होता. मिंग दयिंग नावाच्या मूकबधिर शेतकरी बाईला रक्तस्रावानं अर्धमेला झालेला एक तरुण सैनिक सापडला. तिचं मूल अंगावर पीत होतं. जवळ पाणी नव्हतं, म्हणून तिनं त्या सैनिकाला स्वतःचं दूध पाजलं. मग त्याला लपवलं आणि घरातल्या दोनच कोंबड्या मारून त्याच्यासाठी सूप केलं. तो वाचला. पुढे या घटनेवर कथा, ऑपेरा आणि १९७०च्या दशकात बॅले निघाला. प्रचाराचा भाग वजा करा, तरी मागे उरतं ते पुरे आहे. घराघरांतून सूप बाळंतिणीकडे जात होतं; इथे बाळंतीणच सैनिकाची रसद झाली.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि परत आलेच नाहीत. १९४१मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, वय अवघं ३२. मूल चार महिन्यांचंही नव्हतं. होपेच्या त्या डोंगराळ भागात शत्रूच्या मोहिमा चालू होत्या आणि धान्याची टंचाई होती. ते सैन्यच राळ्यावर लढत होतं. आपण सगळे कोटणीसांची गोष्ट त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो, सांगावीच. पण त्या हिवाळ्यात अंगावर पिणारं मूल घेऊन मागे राहिलेल्या क्वो छिंगलान आपल्या गोष्टीत फार तर एका ओळीत येतात. पुढे १९६७मध्ये यिनहुआही तरुणपणीच गेला. क्वो छिंगलान २०१२पर्यंत जगल्या.

सूपानं काय होतं, काय होत नाही

आता हिशोब सरळ मांडू.

चीनमध्ये बाळंतिणी आणि बाळं मरत ती प्रामुख्यानं जंतुसंसर्गानं, रक्तस्रावानं आणि बाळाच्या धनुर्वातानं. नाळ अस्वच्छ कात्रीनं कापली जाई. कोणतंही सूप हे थांबवू शकत नव्हतं. १९२९मध्ये डॉक्टर यांग चुंगरुई या बाईंनी पेकिंगमध्ये पहिली राष्ट्रीय सुईण-शाळा काढली आणि हात धुणं, कात्री उकळणं हे शिकवायला घेतलं. १९४९नंतर हेच शिक्षण गावोगाव नेलं गेलं. जीव वाचवले ते उकळलेल्या कात्रीनं. वाचलेल्या जिवांना उभं करायचं काम वाडग्याचं.

दूध येण्याचं मुख्य कारण बाळाचं वारंवार ओढणं. त्यानं आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही संप्रेरकं वाढतात. सूप पाणी देतं, ऊब देतं, थोडी चरबी देतं. पण प्रथिनं बरीचशी माशाच्या मांसातच राहतात. म्हणून काटे काढून मासाही खा, नुसतं पाणी पिऊ नका, असं चिनी आहारतज्ज्ञही आता सांगतात. सूप पांढरं म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर, हाही गैरसमज. पांढरेपणा चरबीचा, आणि चरबी अति झाली तर तीही त्रासाचीच.

आपल्यालाही एक सूचना. कोकणात मोरी आणि तमिळनाडूत ‘पाल सुरा’, म्हणजे शार्कच्या जातीचे मासे, दूध वाढावं म्हणून आईला देतात. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. अंगावर पाजणाऱ्या आईनं शार्क टाळावा, असं डॉक्टर सांगतात. लहान मासा बरा. चिनी बाईनं तेराशे वर्षं लहान तळ्यातला मासाच निवडला, आणि आपल्या कोकणातल्या आज्यांनी मुडदुशी.

आषाढातली गोष्ट

सिंगापूरला पुढचे दोन आठवडे ते सूप मी केलं. आंटी शेजारी उभ्या राहून हुकूम देत. पहिल्या दिवशी मी गार पाणी ओतलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. तिसऱ्या दिवशी सूप पांढरं झालं. मुलीनं दोन वाडगे प्याले.

त्या रात्री भांडी घासताना मी बायकोला विचारलं, ‘‘हिच्या वेळी तू काय खाल्लं होतंस?’’

मुलगी १९८८ची. तेव्हा मी पूर्वेकडच्या एका चौकीवर होतो. जन्माची बातमी मला अकराव्या दिवशी मिळाली, रजा अडीच महिन्यांनी. मधल्या काळाबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं. सगळं व्यवस्थित आहे, असं पत्रात यायचं आणि मी त्यावर विश्वास ठेवायचो.

ती म्हणाली, ‘‘आषाढ होता. होड्या सगळ्या वर ओढलेल्या. आई रोज पेज आणि आळिवाची खीर द्यायची. एकदा खाडीवरून कोणीतरी पाच मुडदुश्या आणून दिल्या. आईनं त्यांचं पातळ सार केलं, तिखट न घालता. दोन दिवस पुरवलं. मला अजून चव आठवते.’’

थोडं थांबून तिनं विचारलं, ‘‘तुम्ही काय खात होतात तेव्हा?’’

मी म्हटलं, ‘‘डब्यातले मासे.’’

चौकीवर माझ्या डब्यांचा हिशोब रजिस्टरात होता. तारीख, संख्या, सही. त्या पाच मुडदुश्यांचा हिशोब कुठेच नव्हता, एका बाईच्या आठवणीखेरीज. म्हणून आज तुम्हाला एक काम सांगतो. घरात आई, आजी, सासू, मावशी असेल, तर तिच्या सव्वा महिन्यात तिला काय मिळालं, कोणी आणून दिलं आणि काय मिळालं नाही, हे विचारा आणि लिहून ठेवा. बडोद्याच्या, इंदूरच्या, तंजावरच्या मराठी घरांत ही उत्तरं वेगवेगळी येतील. आणि घरात सध्या बाळंतीण असेल, तर लिहिण्याआधी कढई तापवा. पाणी उकळतंच ओता.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.